लेकुरवाळीचं उष्टं

आमच्या घराच्या छपराची कवेलं, म्हणजे कौलं, वर्षातून दोनदा फेरावी लागत, आणि दोन्ही वेळा माकडांच्या नावानं बोटं मोडतच ती फेरली जात. लाल तोंडाची माकडं. टोळी छपरावर उतरली की चुलीपाशी बसलेल्या माणसाच्या ताटात वरून माती पडायची. धानाचे पऱ्हे टाकले की उपटायची, घरामागच्या सांदवाडीतली वांगी अर्धी खाऊन अर्धी अंगणात फेकायची, वाळत घातलेल्या वड्या तर कापडासकट पळवायची. शेजारच्या म्हातारीच्या हाताला एका माकडिणीनं असा चावा घेतला होता की तिला वर्षभर भाकर थापता आली नाही. पण माकडाला मारायचं कुणी? मारुतीची फौज ती. गावात कुणी दगड उचललाच तर तो माकडाच्या शेजारून जाईल असाच फेकायचा. काठी जमिनीवर आपटायची आणि हात जोडायचे.

आमचं गाव बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या धानपट्ट्यातलं. नाव लिहीत नाही. ज्यांच्यावर मला तोंड टाकायचं आहे ते आता राहिले नाहीत, आणि जे राहिलेत त्यांचा काही दोष नाही.

माझा नवरा गावातल्या ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. डॉक्टर महिन्यातून दोनदा उगवायचा, बाकीचे दिवस हाच डॉक्टर. म्हशीच्या पोटावर नुसता हात ठेवून कितवा महिना ते सांगायचा आणि कधी चुकायचा नाही. लांबलांबचे शेतकरी सायकलवर बसवून त्याला घेऊन जायचे. गावातल्या बायका विहिरीवर पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "साऱ्या गावच्या म्हशीचं त्याले समजते, घरचंच तेवढं समजत नाही व!" मी बादली आपटून निघून यायचे. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि माझी कूस रिकामी होती.

घरात आम्ही तिघंच. तो, मी आणि माझी सासू. सासू वाईट नव्हती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. मला ताप आला की ती रात्ररात्र पाय दाबायची. पण एकुलत्या एका पोरावर तिचा जीव असा टांगलेला, की त्याच्यापुढे तिला बाकी माणसं दिसायचीच नाहीत. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तिनं मला समोर बसवलं आणि सांगितलं, "पाह्य, म्या पाच वर्षं कोणाले एक शब्द बोलू देल्ला नाही तुले. आता अक्तीपर्यंत वाट पाहतो. काही दिसलं तं गंगेत घोडं न्हालं. नाही तं तुह्या भावाच्या घरी नेऊन सोडतो. सरकारी नोकरीवाल्याले दोन बायका करता येत नाहीत, मले माहीत हाय."

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे अक्ती म्हणतात. लग्नाचे मुहूर्त तिथून सुरू होतात. म्हणजे तिचा हिशोब सरळ होता. मी गेले की लगेच दुसरी.

त्याच हिवाळ्यात जीपमधून एक साहेब आला. कुठल्या खात्याचा, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कुणी धड सांगितलं नाही. बरोबर पुठ्ठ्याचे खोके. दवाखान्यात दार लावून त्यानं माझ्या नवऱ्याशी तासभर काहीतरी बोलणं केलं, मग पिंपळाखाली गाव गोळा केलं. माकडांच्या पोटात जंत झालेत, त्यांची विष्ठा चाऱ्यात पडते, त्यानं ढोरं खंगतात, म्हणून सरकार माकडांना दवा देणार आहे, असं त्यानं हिंदीत सांगितलं. गाव खूश. मारुतीच्या लेकरांना सरकार दवा देतंय! एकानं तिथल्या तिथे गुळाची भेली आणून ठेवली. आपणही कधी कुणाची सेवा करतो आहोत, असं वाटून लोकांच्या छात्या फुगल्या होत्या. मीही त्यातच होते.

दवा द्यायची रीत अशी. गावाबाहेर सडकेला लागून मारुतीचा पार होता, तिथं माकडं बिनधास्त उतरायची. रोज पहाटे पारावर गोळे मांडून ठेवायचे. गोळे करायचे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. फुटाण्याचं पीठ, गूळ आणि पिकलेलं केळं एकत्र मळायचं, पुरणाच्या उंड्यासारखी त्याची वाटी करायची आणि त्याच्यापुढे धरायची. तो आत चिमटीनं पांढरी पूड भरायचा. मी तोंड बंद करून गोळा वळायचे.

पूड तो ढोरांच्या कोठ्यात बसून करायचा. चांदीच्या कागदातल्या बारक्या बारक्या गोळ्या अंगठ्यानं दाबून बाहेर काढायचा, खलात कुटायचा, आणि कागद तिथंच जाळायचा. एकदा मी सहज म्हटलं, "आपल्या बकरीले बी जंत झाले वाट्टे. तिले द्या ना चिमूटभर."

"हात नको लावू म्हटलं ना!" तो असा खेकसला की माझ्या हातातलं पीठ सांडलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "सरकारी दवा हाय. हिशोब द्या लागते."

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली होती. ती आठवली की आजही माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "पूड अशी गोळ्याच्या मधात काहून भरून राह्यले? पिठातच कालवून टाका. मधात कडू गठ्ठा राहिला तं कोण खाईन?" स्वयंपाक करणारी कुठलीही बाई हेच सांगेल. तो म्हणाला, "साहेबानं मापून भरायले सांगतलं हाय. प्रत्येकात बरोबर तेवढीच गेली पायजे." घ्या! साहेबानं सांगितलं म्हणजे झालं. साहेबानं जन्मात कधी लाडू वळला होता का, ते कोण विचारणार?

आता मला दुसऱ्या एका गोष्टीचं लिहायला हवं. आमच्या भागात एक जुना नेम होता. अजून कुठं पाळतात की नाही, मला माहीत नाही. जिची कूस उजवत नाही तिनं चाळीस दिवस सकाळी मारुतीचा पार झाडायचा. पारावर ठेवलेल्या खाण्यातलं, ज्या माकडिणीच्या छातीला पिल्लू लटकलंय, तिनं तोंड लावून टाकलेलं उचलायचं, उगवतीकडे तोंड करून खायचं. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. ह्याला लेकुरवाळीचं उष्टं म्हणायचे. आणि नेम पुरा होईपर्यंत नवऱ्याला त्यातलं अक्षर सांगायचं नाही.

हा नेम सासूनंच मला सांगितला. तिच्या थोरल्या नणंदेला ह्यानंच मुलगा झाला होता म्हणे. मी आधी का कू केलं. सातवी शिकलेली होते मी, मला थोडी किळसही आली. सासू म्हणाली, "तुले अक्तीले माहेरी जा लागते का माकडाचं उष्टं खा लागते, ते तूच ठरव." ठरवण्यासारखं त्यात होतं काय?

नवऱ्याला न सांगणं तसंही सोपं होतं. असल्या नेमांवर तो इतका हसायचा की सांगायची सोयच नव्हती. "दगडाले शेंदूर फासून लेकरं होत असते तं मी दवाखाना कायले उघडून बसलो असतो?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो पहाटे गोळे मांडून दवाखान्यात जायचा, मी उजाडता उजाडता झाडू घेऊन जायचे. तो दहाच्या सुमारास येऊन पाहायचा, पार स्वच्छ. वहीत लिहायचा, सगळं खाल्लं. ते कुणी खाल्लं आणि कुणी झाडलं, हे त्याला कुठून कळणार?

माकडं मूर्ख नसतात. पहिले दोन दिवस त्यांनी गोळे अख्खे गालात कोंबले. तिसऱ्या दिवसापासून गोळा हातात धरून वरवरचा गूळ-फुटाणा कुरतडायची, मधला पांढरा गठ्ठा आला की नाक फेंदारून टाकून द्यायची. पारभर नुसते गठ्ठे. एक माकडीण होती, एका कानाचा तुकडा गेलेली. तिच्या छातीला पिल्लू. ती नेहमी पाराच्या कोपऱ्यात बसायची, निवांत खायची आणि आतला भाग माझ्या बाजूला टाकायची. जणू देऊनच राहिली आहे. मी तो उचलायचे. कधी दोन, कधी तीन. बाकीचे नालीत झाडून द्यायचे.

ते कडू होतं. खडूसारखं जिभेला चिकटायचं. मला माहीत होतं त्यात जंतांची दवा आहे. मी विचार केला, जंतांची दवा माणसंही खातात, झाला तर फायदाच होईल. आणि खरं सांगायचं तर ते कडू होतं म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटला. गोड खाऊन कुठं नेम होतो? रोज सकाळी मनातल्या मनात मी म्हणायचे, देवा, हे मी गिळते आहे, तू पाहून घे. इतक्या मनापासून मी पुढे कधी काही मागितलं नाही.

महिना झाला. पाळी चुकली.

माझी पाळी कधी एक दिवस इकडची तिकडे होत नसे. चार दिवस गेले, आठ गेले. सकाळी मळमळायला लागलं. फोडणीचा वास आला की उलटी. छाती भरून आल्यासारखी दुखायची, चोळी घट्ट झाली. सासूनं मला कोठ्यामागं ओकताना पाहिलं आणि ती तिथंच शेणात मटकन बसली. "अव माय! अव माह्या माय!" एवढंच म्हणत राहिली. मग उठली आणि आत जाऊन तिनं देवापुढे जपून ठेवलेला नारळ फोडला, खोबरं अर्ध्या गल्लीला वाटलं. विहिरीवर मला पहिला नंबर मिळायला लागला. "तू नको उचलू व बादली," म्हणत त्याच बाया माझी बादली घरी आणून ठेवायच्या.

नवऱ्याला सासूनं सांगितलं. नेमाचं नाही, नुसतं दिवस गेल्याचं. तो त्या दिवशी दवाखान्यातून लवकर आला. येताना रामपायलीच्या बाजारातून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. माझा हात हातात घेऊन एकेक बांगडी चढवत बसला. चढवून झाल्यावर म्हणाला, "उद्यापासून तू ते पीठ नको मळू. मीच करीन गोळे."

"काहून?"

"तसंच. दवाचा वास पोटातल्या लेकराले बरा नसते."

मला त्याचा इतका लोभ आला म्हणून सांगू! हा माणूस देवाला मानत नसला तरी मला जपतो, असं वाटून मी पदरानं डोळे पुसले. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. त्याला सगळं माहीत होतं. मला दूर ठेवायचं त्याला सुचलं, पण कशापासून दूर ठेवतो आहे ते सांगायचं सुचलं नाही. एक वाक्य. तेवढं बोलला असता तर मी जागच्या जागी थांबले असते.

मी थांबले नाही. चाळीस दिवस झाले, तेव्हा सासू म्हणाली, "आता मधात नको सोडू. पाचवा लागेपर्यंत कर. देवानं देल्लं, ते टिकू दे." म्हणून मी खातच राहिले. पुन्हा पाळी नाही. आम्ही दोघी बाया दोन्ही हातांनी ते लेकरू धरून बसलो होतो.

फाल्गुनात साहेबाची बदली झाली. खोके यायचे थांबले, गोळे बंद झाले. पार आता गावकऱ्यांच्या साध्या फुटाण्यांवर राहिला. चार-पाच दिवस गेले असतील. दुपारी धान काढायला कोठीत वाकले आणि मांड्यांवरून गरम काहीतरी ओघळलं.

सुईण आली. तिनं पाहिलं, चाचपलं, पुन्हा पाहिलं, आणि सासूला दाराबाहेर नेलं. भिंतीला कान लावायची गरज नव्हती, तिचा आवाजच मोठा. "बाई, पडायले काही पायजे ना? हिच्या पोटात काही नव्हतंच."

ते विहिरीपर्यंत पोचायला एक संध्याकाळ पुरली. दुसऱ्या दिवशी माझी बादली कुणी उचलली नाही. एक म्हणाली, "ढोंगी!" मला ऐकू जाईल अशी म्हणाली. सासू घरात माझ्याशी बोलेना. वाटून टाकलेलं खोबरं तिला टोचत होतं.

रक्त थांबेना म्हणून नवरा मला बसनं बालाघाटला जनानी दवाखान्यात घेऊन गेला. तो बाहेर थांबला. तपासून झाल्यावर नर्सबाई म्हणाली, "बच्चा था ही नहीं, बाई. महीना रुका था, अब खुल गया." का रुका, ते तिलाही सांगता येईना. मी उठून व्हरांड्यात आले. तिथं भिंतीवर लाल तिकोण रंगवलेला, खाली टेबल, टेबलावर बायांना दाखवायला काय काय मांडलेलं. त्यात चांदीच्या कागदाची एक पट्टी. बारक्या बारक्या पांढऱ्या गोळ्या.

मी ती उचलली. अंगठ्यानं दाबून पाहिली. कोठ्यात वाजायचा तोच आवाज वाजला.

नर्सबाई धावत आली. मी विचारलं, हे काय आहे. ती दिवसातून वीस वेळा सांगत असावी, तसं एका दमात म्हणाली, "रोज एक खाना है. शुरू में उल्टी होगी, छाती भारी लगेगी, घबराना नहीं. जब तक खाओगी, बच्चा नहीं ठहरेगा. छोड़ दोगी, तो फिर ठहर जाएगा."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं सांगितलं. मग मी पायऱ्या उतरून नवऱ्याकडे गेले.

तो कडुनिंबाखाली उभा होता. मी मूठ उघडून गोळी दाखवली. "हे जंताची दवा हाय?"

इकडेतिकडे पाहत हळू आवाजात तो म्हणाला, "माकडांची पैदास थांबवायची होती. गावाले समजलं असतं तं मले जितं सोडलं नसतं. मारुतीच्या फौजेले वांझ करून राह्यलो म्हणून. साहेबानं कसम घातली होती, घरी बी सांगू नको म्हणे. पण तुले हे कुठं भेटलं?"

"म्या खाल्लं हे. तीन महिने. रोज."

मग मी त्याला सगळा नेम सांगितला. पार, झाडू, कान तुटलेली माकडीण, कडू गठ्ठे. तो ऐकता ऐकता खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. आता हा रडेल, असं मला वाटलं. आणि तो माणूस पहिलं वाक्य काय बोलला, तर, "म्हणूनच! म्हणूनच माकडांले लागू नाही पडलं! साऱ्या माकडिणी गाभण दिसून राह्यल्या!"

माझ्या पायावरून रक्त वाहत होतं आणि ह्याला माकडांचं पडलं होतं. त्या क्षणी त्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

नंतर तो रडलाही. माझे पाय धरायला वाकला, भर रस्त्यावर, मीच मागे सरले. मी म्हटलं, रडू नका. नर्स म्हणते सोडलं की दिवस राहतात. म्हणजे माझ्यात खोट नाही, आपल्याला फक्त वेळ पाहिजे. तुम्ही तुमच्या आईला एवढं खरं सांगा, म्हणजे ती अक्तीचा हट्ट सोडेल. तो म्हणाला, "सांगतो. आजच सांगतो." बसमध्ये खिडकीपाशी बसून तो ओठ हलवत होता. काय काय बोलायचं ते जुळवत असावा. मला त्याची कीव आली. येऊ नये तिथं कीव येते, हाच माझा मोठा दोष.

घरी सासू ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. त्यानं घडवंचीवरून लोटा घेतला, पाणी प्यायला, पुन्हा भरला, पुन्हा प्यायला. "काय म्हणे डॉक्टरीन?" सासूनं विचारलं. तो म्हणाला, "कमजोरी हाय म्हणे, माय."

मी वाट पाहिली. तो लोटा हातात फिरवत राहिला. मग मीच सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गोष्ट न गाळता. माझा राग नाकावर असतो, पण त्या दिवशी मी एक शब्दही चढवून बोलले नाही, याची मला अजून फुशारकी वाटते.

सूप थांबलं. सासूनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग हळू म्हणाली, "म्याच धाडलं होतं तुले पारावर."

मला वाटलं, सुटले. आता ही उठेल, मला जवळ घेईल. तापात घ्यायची तशी.

तिनं मान वर केली आणि विचारलं, "हे आणखी कोणाले सांगतलं?"

"कोणाले नाही."

"माहेरी?"

"नाही. आत्याबाई, एक वर्ष द्या मले. नर्सबाई म्हणते का..."

"वर्षभर लोकं तुले टोचतीन. आन् तुले राग आला का तू बोलून जाशीन. तुह्या तोंडाचा मले भरवसा नाही." आवाज चढला नव्हता तिचा. "हे बाहेर गेलं तं लोकं माह्या पोराले पारावरच ठेचतीन. त्यापरीस तू वांझ बरी."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो लोट्यात पाहत होता.

अक्तीच्या आठ दिवस आधी मला भावाकडे धाडायचं ठरलं. भाऊ उकव्याला मॅंगनीजच्या खाणीत होता. गावाला सांगायचं काय, तेही दोघांनी ठरवलं. हिला होणारच नाही, बालाघाटच्या डॉक्टरणीनं लिहून दिलंय. मला बोलता आलं असतं. पिंपळाखाली उभं राहून चार वाक्यं बोलले असते तर त्याची हाडं मोडली असती, माझं नाव साफ झालं असतं. मी नाही बोलले. तो मार खाताना मला पाहवला नसता, बस. त्याला कुणी चांगुलपणा म्हणू नये. मला स्वतःला तो मूर्खपणा वाटतो, आणि सासूला माझ्या तोंडाचा भरवसा नव्हता तो नव्हताच.

जायच्या दिवशी माझी पेटी घेऊन तो सडकेपर्यंत आला. बस पारापाशी थांबायची. चैत्र सरत आला होता. पारावर आणि आसपासच्या झाडांवर माकडंच माकडं, आणि जिकडे पाहावं तिकडे छातीला लटकलेली नवी पिल्लं. गुलाबी तोंडाची, चिमटीएवढ्या हातांनी आईचे केस धरून बसलेली. साहेबाच्या जागी आलेल्या दुसऱ्या साहेबानं ती पाहूनच कागदावर लिहिलं होतं की दवा निरुपयोगी आहे. हे नवऱ्यानंच मला सांगितलं होतं. का सांगितलं, कुणास ठाऊक. त्याला दुसरं बोलण्यासारखं काही राहिलं नसेल.

बस लांबून दिसायला लागली. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "दूर जा लागते. वाटेत खाजो." पुडीत फुटाणे आणि गुळाचा खडा होता.

मी पुडी उघडून वास घेतला. त्याच्या देखत गूळ फोडून आत पाहिलं. "यात काय हाय?"

"काही नाही व." त्याचा आवाज फुटला. "नुसते फुटाणे हायत. सच्ची."

त्या दिवशी तो खरं बोलत होता, हे मला माहीत आहे. तरी माझ्या घशाखाली ते उतरलं नसतं. मी पुडी तशीच पारावर ओतली. कान तुटलेली माकडीण कोपऱ्यातून पुढं आली. तिच्या छातीला आता नवीन पिल्लू होतं. तिनं मुठी भरभरून खाल्लं, गुळाचा कण अन् कण बोटानं टिपला, कागदही चाटला. माझ्यासाठी तिनं काही टाकलं नाही. कंडक्टरनं पेटी वर चढवली आणि मी बसमध्ये जाऊन बसले.